खोलीचं एक मिनिट

तिला सगळे गप्पबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट नवीन माणूस भेटला की स्वतःच सांगायची, "मी गप्पबाई. माझ्यासमोर आवाज नको." धंदा काय, तर माहितीपटांची निर्माती. तीही स्वतंत्र, म्हणजे मागे ना कंपनी, ना ऑफिस, ना डोक्यावर साहेब. घरातलं एक टेबल, एक लोखंडी कपाट, खुळखुळणारी जुनी गाडी आणि दोन फोन, त्यातला एक कायम चार्जिंगला. एवढ्या संसारावर बाईने सव्वीस वर्षांत बारा माहितीपट केले. त्यातले अकरा लोकांपुढे आले. बारावा त्या लोखंडी कपाटात आहे आणि तो तिथून बाहेर येणार नाही.

निर्माती म्हणजे नक्की काय, हे तिच्या घरात अजूनही कुणाला समजलेलं नाही. थोरला भाऊ दर भेटीत विचारायचा, "दिग्दर्शन एक जण करतो, कॅमेरा दुसरा धरतो, आवाज तिसरा घेतो. मग तू काय करतेस गं?"

"बाकीचं सगळं, दादा."

"म्हणजे लुडबुड खातं!"

वहिनी तोंडाला पदर लावून हसायची आणि गप्पबाईही हसायची, कारण दादा फार चुकीचं बोलत नव्हता. परवानग्या काढायच्या, गाडी ठरवायची, सगळ्यांना वेळेवर जेवायला घालायचं, रुसलेल्यांना समजवायचं, हे सगळं तिच्याकडे. पण तिची खरी ख्याती होती ती आवाज बंद करण्याची.

त्याचीही गंमत आहे. ती या धंद्यात आली ती टायपिस्ट म्हणून. एका स्टुडिओत परवानगीची पत्रं टाइप करायची. एकदा एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाखत चालली होती. खाली पाण्याचा पंप घरघरतोय, वर कुणीतरी मिक्सर लावलाय, समोरच्या गॅलरीत कुत्रं भुंकतंय. साउंडवाला डोक्याला हात लावून बसला. ही टायपिस्ट उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा पंप बंद, मिक्सर बंद आणि कुत्रं हिच्या कडेवर! साउंडवाल्याने तिथल्या तिथे तिला हात जोडले. पुढची सगळी वर्षं तो तिच्याबरोबरच राहिला. लग्न केलं नाही तिने, पण साउंडवाल्याशी भांडणं मात्र नवरा-बायकोला लाजवतील अशी व्हायची.

दुसरी ख्याती तिच्या नियमाची. ज्याच्यावर फिल्म केली, त्याला ती आधी दाखवायची. फोनवर पाठवून नाही. त्याच्या घरी जाऊन, शेजारी बसून. तो नको म्हणाला की ते दृश्य गेलं. एका ट्रकवाल्याने तर "यात माझा पडलेला दात दिसतो" म्हणून फिल्ममधलं सगळ्यात चांगलं दृश्य काढायला लावलं होतं. बाईने हूं की चूं न करता काढलं.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुठल्याही खोलीत शूटिंग संपलं की तिथलं एक मिनिट नुसतं रेकॉर्ड करतात. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. त्याला त्यांच्यात म्हणतात 'खोली घेणं'. कारण रिकामी खोलीही अगदी मुकी नसते. भिंतींचा, खिडकीतून येणाऱ्या रस्त्याचा, दिव्याच्या नळीचा असा मिळून प्रत्येक खोलीचा एक आवाज असतो. पुढे फिल्म कापताना दोन वाक्यांच्या मधे तोच टाकावा लागतो, नाहीतर तिथे एकदम खड्डा पडल्यासारखं ऐकू येतं. दिवसभराच्या धावपळीनंतर सगळी माणसं जागच्या जागी थिजून उभी राहतात. पाहणाऱ्याला वाटावं, यांना वेड लागलंय.

बारावा माहितीपट काटेवाले काकांवर होता. दिग्दर्शनही या वेळी तिनेच घेतलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. काका वजनकाटे दुरुस्त करायचे. सोनारांचे नाजूक काटे, औषधवाल्यांचे, भाजीवाल्यांचे, सगळे. वय चौऱ्याहत्तर. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, आणि टेबलावर पितळी वजनं अगदी शाळेतल्या पोरांसारखी उंचीप्रमाणे उभी. वजनाला बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. चिमट्यानेच उचलायचं, बोटाचा घाम लागला तर वजन बदलतं म्हणायचे. पारडं डोलायचं थांबेपर्यंत स्वतःचा श्वाससुद्धा धरून ठेवायचे. साउंडवाला म्हणाला, "बाई, तुम्हाला तुमच्याच जातकुळीचा माणूस भेटला."

आणि खरंच, दोघांचं जमलंच. तीन वर्षं ती त्या घरात जात-येत होती. काकू तिला पहिल्या महिन्यापासून 'अगं-तुगं' करायला लागल्या. "ही आली की आमच्याकडे नळसुद्धा विचारून सोडावा लागतो," असं शेजारणींना सांगायच्या. काकांना मूलबाळ नव्हतं. ते तिला काही म्हणायचे नाहीत, पण ती येणार असली की दाढी करून बसायचे.

शेवटच्या दिवशीचं शूटिंग दुपारी चारला संपलं. सगळे खूश. काकांनी शेवटचा काटा साफ केला होता, शेवटचं बोलणं बोलून झालं होतं. राहिलं होतं ते फक्त खोली घेणं.

गप्पबाईने नेहमीचं भाषण केलं. "एक मिनिट. कुणी हलायचं नाही, काही झालं तरी आवाज करायचा नाही. काका, शिंक आली, खोकला आला, तर नुसता हात वर करा. मी थांबवीन." कॅमेरावाल्याचे गुडघे उठता-बसता वाजतात, म्हणून त्याला नेहमीप्रमाणे बाहेर पिटाळलं. काकूंना सांगितलं, स्वयंपाकघरात जिथे असाल तिथेच उभ्या राहा. साउंडवाल्याने कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटले. तो कायम डोळे मिटूनच ऐकायचा.

पहिल्या वेळी रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबला. गेलं मिनिट. दुसऱ्या वेळी पन्नास सेकंद झाले आणि स्वयंपाकघरात झाकण पडलं, ते गरगर फिरत किती वेळ वाजत राहिलं. सगळे खो-खो हसले. "काकू, तुमचं झाकण फिल्ममध्ये येऊन अमर होणार!" असं साउंडवाला ओरडला. काकाही हसले. काकू आतून काही बोलल्या नाहीत.

तिसरी वेळ.

वीस सेकंद झाले. तीस. रस्ता असा शांत की नशीबच म्हणायचं. गप्पबाई घड्याळाकडे बघत होती. बेचाळीस सेकंद झाले तेव्हा तिने वर पाहिलं, तर काकांनी हात वर केला होता. डावा. खांद्यापर्यंत.

तिला वाटलं, शिंक. आणि तिच्या मनात काय आलं ते ऐका, कारण ते तिने पुढे स्वतःला हजार वेळा ऐकवलं. तिच्या मनात आलं, अरे देवा, आता नको! अठराच तर राहिलेत. काका, एवढे धरा ना.

तिने पंजा दाखवला. थांबा.

काकांनी हात खाली घेतला.

अठरा सेकंद गेले. साउंडवाल्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "झालं! एक नंबर! लोण्यासारखी खोली मिळाली." सगळ्यांनी श्वास सोडला. गप्पबाई हसत पुढे झाली, "बोला काका, काय म्हणत होतात?" आणि तिने त्यांचं तोंड पाहिलं. एक बाजू ओघळून खाली आली होती. डोळे उघडे होते. उजवा हात मांडीवर असा पडला होता, जणू दुसऱ्याच कुणाचा तिथे विसरून राहिलाय.

मग जी पळापळ झाली! हॉस्पिटलची गाडी अकरा मिनिटांत आली, तीही गप्पबाईनेच ओळखी लावून आणवली. मेंदूत गुठळी. काका पुन्हा बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. हॉस्पिटलच्या जिन्यात तिने डॉक्टरला गाठून विचारलं, "अठरा सेकंद आधी कळलं असतं तर?" डॉक्टरला प्रश्नच समजला नाही. "सेकंद?" तो म्हणाला. "असं सेकंदांत कसं सांगणार? लवकर आणलेलं केव्हाही बरं." आणि तो पुढच्या पेशंटकडे गेला. बाई तिथेच पायरीवर बसली.

सगळ्यात वाईट काय झालं माहितीये? काकूंनी तिचे आभार मानले. चारचौघांत तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ही होती म्हणून गाडी तरी आली वेळेवर." लोकांनी माना डोलावल्या. गप्पबाईने सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. नाही सांगितलं. तोंड उघडलं आणि नुसतं "काकू" म्हणाली, आणि लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाहीये बिचारीला.

सहा महिने तिने त्या फिल्मला हात लावला नाही. शूटिंगचं सगळं चित्रण संकलन करणाऱ्या मैत्रिणीकडे पडून होतं. ही मैत्रीण म्हणजे कात्रीवाली. बोलायला फटकळ, पण हात सोन्याचा. ती आपल्या आपण एकेक तुकडा जोडत होती. एके दिवशी तिचा फोन आला.

"अगं, तू मला सांगितलं नाहीस! कॅमेरा चालूच होता!"

"कधी?"

"खोली घेताना. बंद करायचा राहून गेलाय. पूर्ण मिनिटभर काका आहेत. काय बसलेत गं ते! हलत नाहीत, डुलत नाहीत. मधे जरासा हात उचलतात आणि ठेवून देतात. फिल्मचा शेवट हाच, मी सांगते तुला. मी लावलाय, पाठवलाय सुद्धा."

"कुठे पाठवलास?"

जिथे पाठवायचा तिथेच. परदेशातला मोठा महोत्सव. तिथल्या लोकांनी पंधरा दिवसांत कळवलं की फिल्म घेतली, उद्घाटनाला लावू, आणि त्या शेवटच्या मिनिटाबद्दल तर स्वतंत्र चार ओळी लिहिल्या होत्या. इतकी प्रसन्न शांतता आम्ही कधी पाहिली नाही, असं होतं त्यात. प्रसन्न! गप्पबाईने पुढचं वाचलंच नाही.

कात्रीवालीला ते दिसलं नव्हतं, कारण चित्र काकांच्या डावीकडून घेतलेलं, आणि ओघळली होती ती उजवी बाजू. गप्पबाई कॅमेऱ्यामागे होती, म्हणून तिचा पंजाही त्यात नव्हता. माणसाने हात उचलला आणि आपल्या मनाने ठेवला, एवढंच दिसत होतं. का ठेवला, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. दादाने पहिल्यांदा शेजाऱ्यापाजाऱ्यांत बहिणीचं नाव काढलं. "आमची धाकटी, तिची फिल्म परदेशात उद्घाटनाला आहे!" लुडबुड खात्याची गोष्टच संपली. साउंडवाला फोनवर रडला. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं होतं, आणि बाई अभिनंदनाचे फोन उचलेना.

एकच गोष्ट राहिली होती. तिचा तो नियम. काका गेले होते, तेव्हा काकूंना दाखवायचं, आणि काकूंची सही घ्यायची.

सकाळी अकराला ती गेली. गाडीत बसून तिने सगळं पाठ केलं होतं. आधी फिल्म दाखवायची, शेवटच्या मिनिटाआधी थांबवायची, आणि सांगायचं. सांगितल्यावर सही मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. काकूही तुटणार. तिला म्हातारपणी मिळालेलं एकुलतं एक मायेचं घर ते. आणि नाही सांगितलं, तर हे सगळं शाबूत, आणि तो पंजा एकटीने घेऊन मरायचं. दाराशी दोनदा चपला काढल्या आणि दोनदा घातल्या.

काकूंनी दार उघडलं. "ये की. अशी उभी काय?"

खोली तशीच होती. वजनं उंचीप्रमाणे उभी, वर जरा धूळ. दोघी लॅपटॉपसमोर बसल्या. काकू हसल्या, मधे "हे खोटं बोलतायत हं, तो काटा मी शोधला होता" म्हणाल्या, डोळे पुसले, परत हसल्या. शेवटच्या मिनिटाआधी गप्पबाईने बोट दाबलं. चित्र थांबलं.

"काकू, याच्या पुढचं दाखवायच्या आधी मला काही सांगायचंय." तिने लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. "त्या दिवशी, खोली घेताना, काकांनी हात वर केला होता. मी पाहिला. मीच सांगितलं होतं हात वर करा म्हणून, आणि त्यांनी केला. आणि मी त्यांना थांबवलं, काकू. असा पंजा दाखवला. त्यांनी माझं ऐकलं."

काकूंच्या तोंडाकडे बघायची गप्पबाईची छाती होईना. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"किती राहिले होते तेव्हा?" काकूंनी विचारलं.

"अठरा सेकंद."

"अठराच?" काकू म्हणाल्या. "मला पुष्कळ वाटले."

गप्पबाईने वर पाहिलं. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुम्हाला?"

"मी दारात होते." काकूंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान केली. "फट होती एवढीशी. तू त्यांच्या डावीकडे. मी पलीकडून बघत होते, मला तोंड दिसत होतं. हात वर करायच्या आधीच वाकडं झालं होतं. सत्तेचाळीस वर्षांची बायको मी त्यांची, मला कळणार नाही? लगेच कळलं."

"काकू..."

"थांब, बोलू दे मला. मी कुणाला बोलले नाहीये हे." काकूंचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. "दुसऱ्या वेळी झाकण माझ्या हातून पडलं होतं ना. तुम्ही सगळे हसलात. मला इतकी लाज वाटली की विचारू नकोस. मनात म्हटलं, आता जीव गेला तरी आपल्याकडून आवाज व्हायला नको. आणि मग ते तसं झालं. आणि मी उभी, पदराचा बोळा तोंडात धरून. माझ्यामुळे तिसऱ्यांदा बिघडेल म्हणून. अगं, झाकणापायी! मी नवऱ्याला मरताना बघत उभी राहिले, एका झाकणापायी!"

सहा महिने गप्पबाई समजत होती की हे पाप तिचं एकटीचं. आणि इथे ही म्हातारी, याच घरात, त्याच दारातून रोज ये-जा करत, तेच घेऊन बसली होती. आणि आपले आभार मानत होती! सगळ्यांसमोर का मानले, तेही आता तिला कळलं. कुणी काकूंना "तुम्ही कुठे होतात तेव्हा?" असं विचारू नये म्हणून.

"लाव ते," काकू म्हणाल्या.

"नको काकू. मी काढून टाकणार आहे. फिल्मच नको. कुठे पाठवणार नाही मी ती."

"ते तू बघ काय करायचं ते. मला आत्ता बघायचंय. लाव म्हणते ना!"

तिने लावलं. पडद्यावर काका बसले होते, गुळगुळीत दाढी केलेले. खोलीचा आवाज सुरू झाला, इतका बारीक की या खोलीत आणि त्या खोलीत फरक कळेना. हात वर गेला. काकांनी मान न वळवता, नुसत्या डोळ्यांनी कॅमेऱ्यामागे पाहिलं, गप्पबाई उभी होती तिथे. हात खाली आला. मग त्यांची नजर हळूहळू वळली, दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली. कात्रीवाली म्हणाली होती, खिडकीच्या उजेडाकडे बघतायत.

"शेवटी कुणीकडे बघतायत गं?" काकूंनी विचारलं. त्यांचा चष्मा ओला झाला होता. "मला नीट दिसत नाही. तू सांग."

खिडकीही त्याच अंगाला होती. नुसतं 'खिडकीकडे' म्हटलं असतं तर चाललं असतं, आणि ते कधीच उघडकीला आलं नसतं. गप्पबाईने चित्र थांबवलं, पुढे वाकून पाहिलं, आणि परत बसली.

"दाराकडे," ती म्हणाली.

काकूंनी मान हलवली.

"त्यांना वाटलं असेल," त्या म्हणाल्या, "ही तरी येईल."

आणि मग त्या ओरडल्या. शब्द नव्हता त्यात काही, नुसतीच किंकाळी, पोटातून आलेली. गप्पबाईने त्यांना कवेत घेतलं आणि तिलाही आवरेना. आयुष्यभर लोकांच्या चमच्यांवर आणि चपलांवर डोळे वटारणारी ती बाई, तोंड उघडं टाकून, गळा फाडून रडायला लागली.

धाडकन दार उघडलं. भिंतीला भिंत लागून दुकान असलेला शिंपी आत घुसला, गळ्यात टेप, हातात कात्री तशीच. मागोमाग त्याची बायको, तिच्यामागे समोरचा औषधवाला.

"काय झालं? काय झालं काकू?" शिंपी धापा टाकत म्हणाला. "ओरडल्याचं ऐकलं आणि तसाच पळत आलो."

गप्पबाईला सवयच होती. किंकाळी फुटली तेव्हाच तिची नजर घड्याळावर गेली होती, आता परत गेली. ओरडल्यापासून त्याला यायला सात सेकंद लागले होते.